लेण्यातला राम आणि पंचवटीचा ‘लेखी पुरावा’

गोदाकाठी:
सकाळपासून तिसऱ्या ग्रुपवर तोच मेसेज: ‘नाशिकच्या पांडवलेणीच्या ३ नंबरच्या लेण्यात रामाचं नाव कोरलंय. राम पंचवटीत राहिल्याचा लेखी पुरावा, इतिहासकार दडवतात!’ अहो, दडवतात कुठे? तो लेख शंभराहून जास्त वर्षं छापील मिळतोय. सातवाहन राणी गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात, गेलेल्या मुलाची, राजा गौतमीपुत्राची, केलेली स्तुती आहे ती. तो राम, केशव, अर्जुन, भीमसेनासारखा पराक्रमी, एवढंच. पंचवटीचं नावही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात राजघराण्याला ही नावं माहीत होती, हे मात्र पक्कं.

पंचवटीकर:
सगळे नियम आमच्याच देवांना! अलेक्झांडरबद्दल एरियन या ग्रीक इतिहासकाराने चारशे वर्षांनी लिहिलं, ते चालतं. माझी आजी सीतागुंफेत वाकून जायची, तिला कुणाचा शिक्का लागला नाही.

गोदाकाठी:
आजीच्या श्रद्धेला कोण हात लावतंय? अलेक्झांडर मेला त्याची बाबिलोनच्या मातीच्या पाटीवर तेव्हाचीच नोंद आहे. राजा वारला, आभाळ होतं. संपलं.

मातीची गढी:
बलश्रीचंही सगळं गिळू नका. त्याच लेखात मुलाचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यालेत आणि त्याने क्षहरातांचा, म्हणजे शत्रू राजा नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केलाय. घोडे ही भाटगिरी. क्षहरातांचं मानतो, कारण १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय. आईचं कौतुक एकीकडे, टांकसाळ दुसरीकडे. दोन्ही जुळलं की वजन येतं.

पंचवटीकर:
म्हणजे नाणं नाही तर माणूस नव्हताच?

मातीची गढी:
असं कोण म्हणालं? या लेखावरून ‘होता’ही ठरत नाही, ‘नव्हता’ही ठरत नाही.

निवृत्त लेखनिक:
लेणी निघालीच आहेत तर १० नंबर वाचा. नहपानाचा जावई उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, व्याज महिना १ टक्का. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२. आमची ठेव एका पतसंस्थेत अडकलीय, व्याज सोडा, मुद्दल दिसेना. दगडावर कोरून घ्यायला हवं होतं!

सातपूरवाला:
काका, तुम्हीही? आमच्या सासऱ्यांची अख्खी ग्रॅच्युइटी गेली. आणि कोरून काय होतंय? लेख देणाऱ्याच्या बाजूचा. भिक्षूंना कापड मिळाल्याची पावती कुठाय?

निवृत्त लेखनिक:
निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून फलकावर नोंद केली होती हो!

सातपूरवाला:
आमचीही पासबुकात नोंद आहे!!

पंचवटीकर:
इथे रामावर बोलणं चाललंय आणि यांचं पासबुक! बरं, तो मेसेज नाही पुढे ढकलत. खूश? पण कामदा एकादशीला रथासमोर पुरावा मागत उभे राहू नका, सांगून ठेवतो.

गोदाकाठी:
उपकार झाले. आणि रथ ओढायला मी असतोच, बघितलं नसेल तुम्ही.

निवृत्त लेखनिक:
ते राहू द्या. ठेवीदारांचा ग्रुप कुणी काढलाय का? मला ॲड करा.