'सेट'चे ४३० अर्थ आणि आपलं लावणं-बसवणं

कोंदण
काल निळीशाई यांनी लिहिलं, "दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, घड्याळ सेट करणं, सूर्य सेट होणं. इंग्रजीतल्या एकट्या 'सेट'ला ऑक्सफर्ड कोशात ४३० अर्थ आहेत. मराठीत असा एक शब्द दाखवा. भाषेची श्रीमंती म्हणतात ती ही." वाचून इतका त्रास झाला की वेगळा धागा काढतोय.

आधी आकडा बघू. ४३० हा आकडा १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतला आहे आणि तो फक्त क्रियापदाचा आहे. दागिन्यांचा सेट आणि टेनिसचा सेट त्यात मोजलेलेच नाहीत, कारण ते नाम, आणि त्याचं मूळही वेगळं. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'सिट'चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. वस्तूंचा संच या अर्थाचं नाम आलं जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांचा गट. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याच घरातला. पुढे दोघांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले. दोन घरांची मिळकत एका सातबाऱ्यावर चढवून कुणाला श्रीमंत ठरवू नका.

आता मराठी. आमच्या घरी तीन पिढ्या सोनारकाम आहे. माझे आजोबा अंगठीत खडा बसवायचे. इंग्रज कारागीर त्याच कामाला 'सेट' म्हणतो. निखळलेलं हाड बसवतात, तिथेही त्याचा 'सेट'च. मग गणपती बसवणं, घट बसवणं, नाटक बसवणं, कर बसवणं, दात बसवणं, धाक बसवणं, हे कुठल्या खात्यात धरणार? आणि 'लावणे' तर मी अजून काढलंच नाही. दिवा, दार, झाड, डबा, शिकवणी, कुकर, तंबोरा, पैज, बोल, शोध, जीव, हे सगळं आपण लावतो. आणि ज्या कामावरून आपण भांडतोय ते 'अर्थ लावणं'सुद्धा त्याच शब्दात आहे. असा एक शब्द दाखवा म्हणालात ना, हा घ्या.

निळीशाई
नामाची चूक माझी, मान्य. पण तुमची यादी तुम्ही तोंडाने म्हणताय. ती मोजली कुणी? ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ला निघाला, शेवटचा १९२८ला. लोकांनी घरोघरी चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पाठवली. कोश छापून झाला तरी काम थांबलं नाही. आता तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, सेट मागे पडला. आपल्याकडे दाते-कर्व्यांचा शब्दकोश १९३२ला सुरू झाला, पुरवणी १९५०ची. त्यानंतर लोक फोन चार्जिंगला लावायला लागले, ते कोण नोंदवणार? मी श्रीमंती म्हटलं ते याला. ज्याचा हिशोबच ठेवला नाही ते घरात असून नसल्यासारखं.

कोंदण
हे तुमचं काल लिहिलेलं नाही. काल तुम्ही भाषेला गरीब म्हणालात, आज कोशाला म्हणताय. कोशाबद्दल माझं भांडणच नाही. मात्र त्या ४३०मध्ये सेट ऑफ, सेट आउट, सेट अप असे सगळे जोडप्रयोग आहेत. तसं धरलं तर लावून धरणं, लावून घेणं, लावून देणं, मार्गी लावणं हेही मोजावं लागेल.

गीर्वाण
मुळात सेट आपलाच. संस्कृत 'सद्' धातू, त्यावरून सदन, संसद, परिषद, उपनिषद. 'सादयति' म्हणजे बसवतो. तेच उचलून इंग्रजांनी सेट केलं. उगाच लॅटिन-फ्रेंचची ओझी वाहू नका.

ध्वनिपेटी
उचललं नाही हो. सद् आणि सिट भावंडं आहेत, बाप-लेक नाहीत. संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' येतो आणि तो नियमाने येतो. दश-टेन, द्वि-टू, पद-फूट, तसंच सद्-सिट. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२मध्ये हे मांडलं. शब्द संस्कृतातून उचलला असता तर 'द' तसाच राहिला असता. गंमत पाहायची तर ती नामात आहे. 'सेक्टा' ज्या धातूवरून आलं, त्याचं संस्कृत भावंड 'सच्', सोबत असणं. आपला 'सचिव' त्यावरून. म्हणजे एक सेट सदनाच्या घरचा, दुसरा सचिवाच्या. आणि आपलं 'बसणे' या दोन्हींत नाही, ते 'उपविश्'वरून आलं, जुन्या मराठीतल्या 'बैसणे'तून.

गीर्वाण
ग्रिमने सांगितलं की लगेच खरं! विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ला कलकत्त्यात संस्कृतची थोरवी सांगितली ती विसरलात वाटतं.

ध्वनिपेटी
विसरलो नाही. त्याच भाषणात तो म्हणाला की ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एका मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. पूर्ण वाचा. अर्धं वाचून छाती फुगवायची आणि दुसऱ्याला ओझेवाला म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो.

तासिका_२४
तुम्हाला ४३० सेट माहीत आहेत, मला एकच. प्राध्यापक होण्याची पात्रता परीक्षा. मराठी विषयात सेट उत्तीर्ण होऊन आठ वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर शिकवतोय. सुट्टीत पगार नाही. वर्गात शब्दांची मुळं शिकवायला मला फार आवडतं, पण कोशाचं काम कोण करणार, असं विचारताना ते करू शकणाऱ्यांची काय अवस्था आहे तेही लिहा.

विंगेतला
तासिका, तुमचं दुःख खरं आहे. मला दुसरं बोलायचंय. मी तीस वर्षं हौशी नाटकात आहे. आम्ही 'सेट लावतो', शब्द इंग्रजी असला तरी क्रिया आपली आहे, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मागच्या महिन्यात एक मुलगा विचारतो, "सर, नाटक कधीपर्यंत सेट होईल?" अहो, नाटक बसतं! बसवताना ते मोडतं, परत जुळतं, मग एका रात्री बसतं. गजर सेट, दही सेट, केस सेट, माणूसही आयुष्यात सेट. लावणे, बसवणे, मांडणे, विरजणे, स्थिरावणे, पाच शब्दांचा घास एकाने घेतला. निळीशाई ज्याला श्रीमंती म्हणतात ती आमच्या तालमीत अशी उतरते.

दूरदेशी
मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहते. माझी मुलगी "आई, गजर सेट कर" म्हणते तेव्हा वाक्य मराठी असतं. 'कर' मराठी आहे, 'आई' मराठी आहे. तुम्ही तिला दर शब्दाला अडवलंत तर ती पुढचं वाक्य इंग्रजीत बोलेल. माझ्या मोठ्या मुलाच्या बाबतीत मी हेच करून बसले. आता तो मराठीत एक शब्द बोलत नाही. शुद्ध बोलणारं कुणीच उरलं नाही तर तुमचं 'बसवणे' कुठे बसवणार?

विंगेतला
मुलीला अडवा असं मी कुठे म्हणालो? पण ते वाक्य लेस्टरमधलं आहे. तालमीतला तो मुलगा साताऱ्याचा, त्याच्या आजीने दर भाद्रपदात गणपती बसवला आहे. त्याने का विसरावं?

कोंदण
ताई, तुमचं वाचून थांबलो. माझा भाचा पडला, मनगट निखळलं. दवाखान्यातून फोनवर म्हणाला, "सेट केलं." माझ्या आईला कळेना, ती रडायलाच लागली. मी म्हटलं, "आई, हाड बसवलं." क्षणात शांत झाली. मला हा शब्द हवाय तो तिच्यासाठी. मुलीला अडवू नका, पण तिच्यासमोर तुम्ही स्वतः "गजर लावते" म्हणा. एवढं चालेल ना?

दूरदेशी
ते मी म्हणतेच. तुम्ही विचारलंच नव्हतंत.

गीर्वाण
दश-टेन मी तपासलं. नियम दिसतोय. बाकी माझं मत कायम आहे.

निळीशाई
कालची पोस्ट दुरुस्त केली आहे. टेनिस आणि दागिने काढले, 'फक्त क्रियापद' असं घातलं. "मराठीत असा शब्द दाखवा" हे वाक्यही काढलं. कोशाबद्दल मात्र माघार घेणार नाही. कोंदण, 'लावणे'चे प्रयोग मी वहीत उतरवायला सुरुवात केली आहे, प्रत्येकापुढे एक बोललेलं वाक्य. रात्रीपर्यंत ८३ झाले. सोनारकामातले तुम्ही पाठवा. विंगेतला, तालमीतले तुमच्याकडून हवेत. तासिका, तुम्ही नीट वर्गवारी लावून द्याल का? हा ८४वा झाला.