‘राजधानीत राहिल्याने’ की ‘राजधानीत राहणारे’? सुशिक्षित, साक्षर, नागर आणि शिकलासवरला

प्रश्न

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेसाठी ‘राजधानीत राहिल्याने माणूस अधिक सुशिक्षित होतो’ असा विषय सुचवण्यात आला आहे. परीक्षकांपैकी एका ज्येष्ठ सरांचे म्हणणे असे की, येथे ‘सुशिक्षित’ हा शब्द बसत नाही, ‘नागर’ किंवा ‘सुसंस्कृत’ हवा. दुसऱ्या परीक्षक बाईंच्या मते ‘साक्षर’ म्हटले तरच मुलांना आकड्यांचा आधार घेता येईल. या शब्दांतला नेमका फरक कोणता आणि या वाक्यात कोणता शब्द शोभेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

आपल्याकडे वाद विशेषणावर चालू आहे. माझ्या मते या वाक्याची मेख ‘राहिल्याने’ या शब्दातल्या ‘ने’ या प्रत्ययात आहे. ‘राजधानीत राहणारे लोक अधिक सुशिक्षित असतात’ हे एक विधान झाले आणि ‘राजधानीत राहिल्याने लोक अधिक सुशिक्षित होतात’ हे दुसरे. पहिले विधान केवळ तिथे कोण राहते एवढेच सांगते, तर दुसरे कारण सांगते, आणि कारण सांगणाऱ्याला पुरावाही अधिक द्यावा लागतो. ‘असतात’च्या जागी ‘होतात’ आले की शहराने माणसात काही बदल घडवला असा दावा आपण करून बसतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचे उदाहरण घ्या. तिथल्या प्रौढांमध्ये पदवीधरांचे प्रमाण त्या देशाच्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे, कारण सरकारी खाती, वकिली आणि संशोधनसंस्था यांच्या नोकऱ्यांसाठी देशभरातून पदवीधर तिथे येतात. मात्र त्याच शहराच्या सरकारी शाळांतील मुलांचे राष्ट्रीय चाचण्यांतले गुण देशाच्या सरासरीच्या खाली राहत आले आहेत. म्हणजे ‘राहणारे’ हे रूप तिथे खरे ठरते आणि ‘राहिल्याने’ हे रूप अडखळते.

आता शब्दांकडे येऊ. ‘सुशिक्षित’ याचा संस्कृतातला अर्थ ‘चांगला तयार केलेला, कसलेला’ असा असल्यामुळे तो शब्द घोड्यालाही लावता येई. आजच्या मराठीत मात्र त्याचा अर्थ शाळा-महाविद्यालयातून बाहेर पडलेला माणूस एवढाच उरला आहे. ‘सुशिक्षित बेरोजगार’ हा जोडशब्द सरकारी योजनांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र बिनदिक्कत वापरला जातो, यावरूनच त्यातल्या ‘सु’कडे आता कोणी पाहत नाही हे कळते. ‘साक्षर’ हा त्याहून मर्यादित शब्द. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती साक्षर; त्यासाठी शाळेचे तोंड पाहिलेले असण्याचीही अट नाही. बाईंनी सुचवलेला शब्द घेतला तर आकडे मिळतील हे खरे, परंतु ते राजधानीच्या बाजूने साक्ष देतीलच असे नाही. २०११च्या जनगणनेत दिल्लीचा साक्षरता दर सुमारे ८६ टक्के होता, गोव्याचा सुमारे ८९ आणि केरळचा ९४. केरळमध्येही तिरुवनंतपुरम जिल्ह्याच्या पुढे कोट्टायम आणि पतनमतिट्टा हे जिल्हे होते. कोट्टायम शहर १९८९मध्येच पूर्ण साक्षर झाले, तेव्हा त्या राज्याच्या राजधानीने तो मान अद्याप मिळवलेला नव्हता. महाराष्ट्रात मुंबई उपनगर जिल्हा सुमारे ९० टक्क्यांसह पहिला होता. मात्र नागपूर आणि अकोला हे दोन्ही जिल्हे ८८च्या आसपास होते, आणि अकोल्याला राजधानी किंवा उपराजधानी म्हणवून घेण्याचे कोणतेही निमित्त नाही.

सरांनी सुचवलेला ‘नागर’ हा शब्द सर्वांत रंजक असला, तरी या वाक्यासाठी सर्वांत घातकही तोच आहे. नगरातला तो नागर, आणि नगरातला म्हणून सभ्य, चतुर, नीटनेटका. उलट ग्रामातला तो ग्राम्य, आणि म्हणून असभ्य. काव्यशास्त्रात ‘ग्राम्यता’ हा दोष मानला गेला. याचा अर्थ असा की नगरात राहिल्याने माणूस सुधारतो हे मत या शब्दाच्या पोटातच बसलेले आहे. ‘राजधानीत राहिल्याने माणूस नागर होतो’ असा विषय ठेवला तर विरोधी बाजूला बोलायला जागाच उरणार नाही. नगरात राहणारा नागर, हे तर व्युत्पत्तीनेच सिद्ध आहे.

पण मराठीने हा शब्द फार पूर्वीच नगराच्या वेशीबाहेर काढला. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात ‘देशियेचेनि नागरपणें’ शांतरस शृंगारालाही जिंकेल असे ज्ञानदेव म्हणतात. देशी म्हणजे मराठी भाषा, आणि तिचे नागरपण म्हणजे तिचे लावण्य. संस्कृताच्या तुलनेत ज्या बोलीला पंडित गावंढळ समजत होते, तिलाच इथे नागर म्हटले आहे, आणि हे लिहिले गेले शके १२१२मध्ये नेवाशाला. त्या वेळी रामचंद्रदेव यादवाची राजधानी देवगिरीला होती. हेमाद्रीसारखा ग्रंथकार त्या दरबारात संस्कृतात लिहीत होता, तर मराठीतले आद्य ग्रंथ नेवासे आणि ऋद्धिपूर अशा ठिकाणी तयार होत होते. राजधानीत विद्वत्ता होती हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी भाषा पुढे सर्वांना शिकवणार होती, तिची घडण दरबाराबाहेर झाली.

याच ओघात ‘नागरिक’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘ग्रामीण भागातील नागरिक’ असे आपण रोज वाचतो आणि त्यातली विसंगती कोणाच्याच लक्षात येत नाही, इतका तो शब्द नगरापासून सुटला आहे. (‘गावठी’ची गंमत याच्या उलट आहे: गावठी अंडे घ्यायला शहरातला माणूस दोन पैसे जास्त मोजतो, मात्र माणसाला गावठी म्हटले की भांडण होते.)

‘राजधानी’ या शब्दाबद्दलही दोन ओळी लिहितो, कारण वाद त्यावरही होणार आहे. यातला ‘धानी’ म्हणजे ठेवण्याची, धारण करण्याची जागा. संस्कृतात मासे ठेवायच्या टोपलीला मत्स्यधानी म्हणत. राजा जिथे ठेवलेला असतो ती राजधानी. तिथे विद्या असावी अशी अपेक्षा शब्दात कुठेही नाही. या अर्थाने पेशवाईतही राजधानी साताराच होती, कारण छत्रपती तिथे होते. पुण्यात कारभार होता. श्रावणातल्या दक्षिणेसाठी दूरदूरचे शास्त्री पुण्यात येत हे खरे, पण त्यांचे अध्ययन आपापल्या गावी, गुरूंच्या घरी झालेले असे. पुण्यात त्यांची परीक्षा होई आणि दक्षिणा मिळे. पुण्याला आपण ‘विद्येचे माहेरघर’ म्हणतो ते ज्या संस्थांमुळे, त्या जवळजवळ सगळ्या पेशवाई बुडाल्यानंतरच्या आहेत. विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा १८२१ची, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा १८४८ची, न्यू इंग्लिश स्कूल १८८०चे आणि फर्गसन महाविद्यालय १८८५चे. तोवर सत्तेचे ठाणे मुंबईला गेले होते. थोडक्यात, पुणे शिकले ते सत्ता गेल्यावर.

म्हणून आपल्या वाक्यात ‘सुशिक्षित’ हाच शब्द राहू द्यावा. तो अर्थाने कोरडा आहे आणि वादाला कोरडाच शब्द चांगला. बदलायचे असेल तर ‘राहिल्याने’ बदला.

प्रतिसाद

वरील उत्तर वाचले. मी बडोद्यात राहणारा मराठी माणूस असल्यामुळे शेवटच्या भागाबद्दल थोडी हरकत नोंदवतो. सत्ता आणि शिक्षण यांची अशी फारकत करता येत नाही. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे ही अस्सल राजधानी होती आणि १८८१चे बडोदे कॉलेज, १९१०पासून बांधली गेलेली ग्रंथालयव्यवस्था हे सारे राजाच्या इच्छेने झाले. कोल्हापूरचेही तसेच. शाहू महाराजांनी १९०१पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली ती राजधानीतच. राजधानी नसती तर खेड्यातल्या मुलाने जायचे कुठे?

उत्तर

आपली हरकत रास्त आहे आणि तिच्यामुळे ‘ने’चा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. राजधानीत घेतलेला निर्णय आणि राजधानीतला रहिवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३मध्ये सुरू केला तो बडोद्यात नव्हे, काठेवाडातल्या अमरेली भागातल्या गावांमध्ये. १९०६मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. आपण ज्या ग्रंथालयव्यवस्थेचा उल्लेख केलात तिचाही मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. पेटी गावात यायची, लोक पुस्तके वाचायचे, पेटी परत जायची आणि दुसरी यायची. वाचणाऱ्याला बडोद्याला जाण्याची गरज नव्हती. तेव्हा ‘राजधानीमुळे शिक्षण झाले’ हे वाक्य बडोद्याच्या बाबतीत मी मान्य करीन, ‘राजधानीत राहिल्याने’ हे करणार नाही.

कोल्हापूरची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे मला थोडे मागे सरावे लागेल. वसतिगृहात येऊन मुलगा खरोखरच राजधानीत राहत होता. पण त्याला शिकवले कशाने, हे बारकाईने पाहावे. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात शाळा उपलब्ध होती. नव्हते ते दोन वेळचे जेवण आणि निजायला जागा. पुण्यात याच अडचणीतून ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी ‘वार लावून’ शिकण्याची रीत पडली होती: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे वार ठरवून जेवायचे, नाहीतर माधुकरी मागायची. ‘वार लावून शिकला’ हा वाक्प्रचार आजही चरित्रांमध्ये भेटतो. मात्र ज्या जातीच्या मुलाला कोणी पंगतीला घेत नव्हते, त्याला वार कोण देणार? त्याच्यापुढे शहर असूनही नसल्यासारखेच होते. शाहू महाराजांच्या वसतिगृहांनी ती अडचण दूर केली, आणि एवढ्यावर न थांबता १९१७मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, म्हणजे पुन्हा राजधानीबाहेर. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कऱ्हाडजवळच्या काले या गावी. १९२४मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिच्या शाळा खेड्यांमध्ये पसरल्या.

प्रतिसाद

चर्चेत ‘शिकलासवरला’ हा शब्द अजून आला नाही, म्हणून विचारते. आमच्या कोकणात ‘शिकूनसवरून असा वागतोस?’ असे मोठी माणसे विचारतात. त्यातल्या ‘सवरला’चा अर्थ काय? राजधानीत राहून माणूस शिकतो की नाही हा वाद असेल, पण सवरतो तरी का?

उत्तर

‘सवरणे’ म्हणजे सावरणे, स्वतःला नीट करणे, भानावर राहणे. जोडशब्दातला पहिला भाग शाळेचा आणि दुसरा अंगवळणाचा. रागावताना आपण दोन्ही एकत्र उच्चारतो ते अशासाठी की पहिला भाग झाला आणि दुसरा राहिला, हीच तक्रार असते. आज या शब्दाचा वापर बहुतेक वेळा तक्रारीतच होतो. आपला जोडप्रश्न मार्मिक आहे, पण त्याला आकड्यांचा आधार मिळणार नाही, म्हणून स्पर्धेसाठी हा शब्द मी टाळेन.

कोकणाचा उल्लेख आपण केलाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. कोकण विभागीय मंडळ वेगळे झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मुले सातत्याने राज्यात आघाडीवर राहिली आहेत. त्यांतली बरीचशी मुले पुढे कॉलेजसाठी आणि नोकरीसाठी मुंबईचा रस्ता धरतात. एकदा ती मुंबईत राहू लागली की पुढच्या जनगणनेत ती मुंबईच्या सुशिक्षितांमध्ये मोजली जातात. शिकवले वाडीवरच्या शाळेने, मोजले मुंबईत. उत्तीर्णांची टक्केवारी म्हणजे शिक्षण नव्हे, हे खरे. पण ‘राहणारे’ आणि ‘राहिल्याने’ यांच्यातली गल्लत कशी होते हे दाखवायला एवढे पुरेसे आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सर आणि बाई यांना ही चर्चा दाखवली. आता विषय ‘राजधानीत वाढल्याने मुलांचे शिक्षण अधिक चांगले होते’ असा ठेवावा असे वाटते. ‘राहिल्याने’ऐवजी ‘वाढल्याने’ चालेल का, आणि ‘राजधानी’ऐवजी ‘मोठे शहर’ म्हणणे अधिक बरे होईल का?

उत्तर

‘वाढल्याने’ अवश्य ठेवावे. त्यामुळे शिकून आलेली माणसे आपोआप वगळली जातात आणि ‘ने’ला ज्याचा आधार हवा, ते बालपण आणि ती शाळा दोन्ही वाक्यात येतात. ‘राजधानी’ मात्र बदलू नये. मोठ्या शहराचा प्रश्न वेगळा आहे. तिथे शाळांची संख्या, अंतर आणि फी यांवर चर्चा होईल. राजधानीचा प्रश्न सत्तेजवळ असण्याचा आहे, आणि आपल्या मुलांना त्यावर बोलायला मुंबई आणि नागपूर ही दोन चांगली उदाहरणे हाताशी आहेत. मुंबई विद्यापीठ १८५७चे आणि नागपूर विद्यापीठ १९२३चे. दोन्ही स्थापन झाली तेव्हा ती ती शहरे आपापल्या प्रांताच्या कारभाराची ठिकाणे होती. १९५६मध्ये नागपूरचे राजधानीपद गेले, विद्यापीठ राहिले. अनुकूल बाजूने विद्यापीठाच्या स्थापनेवर बोलावे आणि प्रतिकूल बाजूने १९५६नंतरच्या नागपुरावर.