कादंबऱ्या वाचून माणूस सुधारतो म्हणे!

कातळकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "कथा-कादंबऱ्या न वाचणाऱ्याला दुसऱ्याचं दुःख कळत नाही, शास्त्रानेही सिद्ध झालंय." हे शास्त्र म्हणजे २०१३ साली 'सायन्स'मध्ये आलेला किड आणि कास्तानो यांचा प्रयोग. साहित्यिक कथेचा उतारा वाचायला द्यायचा, मग नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून मनात काय चाललंय ते ओळखायला लावायचं. वाचलेल्यांना ते जास्त जमलं म्हणे. २०१८ मध्ये असे २१ गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले. १३ टिकले, हा नाही टिकला. आणि डोळे वाचता आले म्हणजे नियत सुधारते? राजापूरकडचे आमचे एक काका. कपाटभर कादंबऱ्या. नायिका मेली की धोतराने डोळे पुसतात. सख्ख्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेताना मात्र डोळे कोरडे.

समईवात: एक काका तसले निघाले म्हणून वाचन फुकट? आणि एका उताऱ्यावरून आयुष्यभराचं वाचन मोजणार? मी दापोलीची. विधवेचे हाल आमच्या माजघरातच होते, पण माझ्यासाठी ती नुसती सोवळ्यातली आजी होती. तिलाही कधी काही हवंसं वाटलं असेल, हे कादंबरी वाचून सुचलं. घरात कुणी सांगितलं नव्हतं.

गजालीकार: आमचो आजो अंगठेबहाद्दर. दशावतारात हरिश्चंद्र मसणात उभो रवलो काय ढसाढसा रडायचो. गड्याक कधी उपाशी धाडूक नाय. कथा काय फक्त छापलेलीच असता?

कलमवाला: हक्कसोडावरून काकांना झोडपणं सोपं आहे. आंब्याच्या बागेची फवारणी, राखण, माकडं, कोण बघतं? बहिणी मुंबईत. हौसेने सोडतात.

समईवात: हौसेने? गणपतीला बोलावणं बंद होईल या धास्तीने! वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिलाय.

कलमवाला: त्याआधी लग्न झालेल्यांना नव्हता दिला. अर्धवट वाचून बोलू नका.

समईवात: ती अट केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत गेली. तुम्ही तेवढंच पान सोडलंत वाटतं.

कलमवाला: माझ्या घरात शिरू नका ताई. माझ्या बहिणीला दरवर्षी आंब्याची पेटी जाते.

समईवात: बागेच्या बदल्यात पेटी! वा!

कातळकर: बरं बाई, मान्य. वाचनाने माणसं ओळखता येतात. माहेर तुटेल या भीतीने बहीण नाही म्हणणार नाही, हे काकांनी बरोब्बर ओळखलं होतं. म्हणून तर गौरीजेवणाच्या संध्याकाळी कागद पुढे केला.

कलमवाला: राजापुरात कुठले हे काका? वाडी सांगा.