न्यूजर्सीत लेऑफ: सही, विमा, ४०१के... आधी काय करावं?

शेवंती
नवऱ्याच्या कंपनीने २६ सप्टेंबरला नोटीस दिली, शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर. कंपनी साधारण ३१० माणसांची. त्यातले ७० जण एकाच दिवशी काढले, सगळे न्यूजर्सीच्याच ऑफिसातले. त्याचं वय ४३, नोकरीची ५ वर्षं पूर्ण, ग्रीन कार्ड आहे. माझं काम फ्रीलान्स, त्यामुळे चौघांचा विमा त्याच्याच नोकरीतून.
कागदावर असं आहे: ६ आठवड्यांचा पगार सेव्हरन्स (नोकरी संपतानाची भरपाई) म्हणून, बदल्यात रिलीजवर (कंपनीवरचे दावे सोडल्याच्या कागदावर) सही, तीही १० ऑक्टोबरच्या आत. कोब्राचा, म्हणजे नोकरी गेल्यावर तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याचा, हप्ता चौघांचा महिना २,४०० डॉलर. यंदाचा डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) भरून झालाय. हेल्थ एफएसए (आरोग्यखर्चासाठी पगारातून करमुक्त कापलेली रक्कम) वर्षाला २,४०० चा घेतला होता, त्यातले ५०० वापरलेत. त्याच्या जुन्या नोकरीतला एचएसए (आरोग्यखर्चाचं करमुक्त बचत खातं) आहे, ९,००० शिल्लक. ४०१केवर (नोकरीतल्या निवृत्ती खात्यावर) १४,००० चं कर्ज बाकी, आणि कंपनीच्या मॅचवर (कंपनीने त्यात घातलेल्या भागावर) त्याचा ८० टक्केच हक्क झालाय.
आधी काय करावं? ४०१के लगेच आयआरएत (स्वतःच्या वेगळ्या निवृत्ती खात्यात) हलवायचा का? थोरल्याच्या दातांना तारा लावायच्या आहेत, ते पुढे ढकलू का?

रारितनकाठ
आधी एकच: १० तारखेच्या मुदतीसाठी घाईने सही करू नका. बाकी सगळं नंतर.
कारण पहिलं. न्यूजर्सीचा स्वतःचा वॉर्न कायदा (सामूहिक कपातीच्या नोटिशीचा) आहे, १० एप्रिल २०२३ पासून नव्या रूपात लागू. कंपनीत १०० किंवा जास्त माणसं असतील आणि राज्यातल्या ५० किंवा जास्त जणांना काढलं, तर ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार देणं बंधनकारक आहे. नोटीस ९० दिवसांपेक्षा कमी असेल तर वर आणखी ४ आठवडे. तुम्हाला मिळाले ३५ दिवस. म्हणजे ५ अधिक ४, ९ आठवडे कायद्यानेच देणं लागतात, सही करा किंवा करू नका. कंपनी देतेय ६, आणि त्यावर सहीही मागतेय! हा हक्क नुसत्या सहीने सोडताही येत नाही, राज्याच्या कामगार आयुक्तांची किंवा कोर्टाची मंजुरी लागते. रिलीज हवा असेल तर कंपनीने या ९ च्या वर काहीतरी द्यायला हवं.
कारण दुसरं. वय ४० किंवा जास्त असेल आणि एकावेळी अनेकांना काढलं असेल, तर वयाच्या भेदभावाचा दावा सोडून देणाऱ्या कागदावर विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात, आणि सही केल्यावर ती मागे घ्यायला ७ दिवस. हा केंद्राचा कायदा आहे. सोबत कुठल्या पदावरचे, कुठल्या वयाचे लोक काढले आणि कोण ठेवले याची यादीही द्यावी लागते. पाकिटात ती शोधा. नसेल तर वकिलाला सांगायचा तो पहिला मुद्दा.
एम्प्लॉयमेंट वकील एका तासाच्या फीमध्ये हे कागद वाचून देतात. एचआरला फोन करू नका, ईमेल करा: "कागद वकिलाला दाखवत आहे, ४५ दिवसांच्या मुदतीची लेखी पुष्टी द्यावी." एवढंच. ईमेलमध्ये कायद्यावर वाद घालत बसू नका, ते काम वकिलाचं.

आकडेमोड
सहीबद्दल वर सांगितलंय त्याला अनुमोदन. मी विम्यावर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.
कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात. ते विमा संपल्याच्या किंवा कोब्राची नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून, यातली जी नंतरची तिच्यापासून मोजतात. नोटीस यायला ४४ दिवसांपर्यंत लागू शकतात. घेतलात की पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. आणि विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, मधे भोक राहत नाही.
तुमच्या तारखांवर बसवू. कव्हर ३१ ऑक्टोबरला संपतं, नोटीस समजा १४ नोव्हेंबरची. ६० दिवस १३ जानेवारीला भरतात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर एक पैसा न भरता थांबता येतं. काही झालं नाही तर ४,८०० वाचले. काही झालंच तर कोब्रा घ्या, नोव्हेंबरपासूनचे हप्ते भरा, बिल विमा कंपनीच्या गळ्यात. डिडक्टिबल भरलेला असल्यामुळे कोब्रा तुम्हाला तसाही परवडतो, नवीन प्लॅनमध्ये तो शून्यापासून मोजतात.
१ जानेवारीपासून न्यूजर्सीचं मार्केटप्लेस, म्हणजे स्वतः विमा घेण्याची राज्याची साइट, गेट कव्हर्ड एनजे. विमा गेल्यापासून ६० दिवसांची विशेष मुदत आणि नेहमीची नोव्हेंबरपासूनची नोंदणी, दोन्ही तुमच्या हातात आहेत. प्लॅन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच निवडून टाका, शेवटच्या आठवड्यात साइट रडते. राज्यात विमा नसल्याचा दंड आहे, पण सलग तीन महिन्यांपेक्षा कमी खंड माफ असतो, त्यामुळे दोन महिन्यांची काळजी नको.
आणि मुलांसाठी न्यूजर्सी फॅमिलीकेअर (राज्याचा सरकारी आरोग्यविमा) बघाच. मुलांची उत्पन्नमर्यादा गरिबी रेषेच्या ३५५ टक्क्यांपर्यंत आहे, आणि ती सध्याच्या महिन्याच्या उत्पन्नावर तपासतात, गेल्या वर्षीच्या नाही. लोक "आपण त्यातले नाही" म्हणून अर्जच करत नाहीत.

शेवंती
पण नोव्हेंबरमध्ये कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं आणि कार्ड चाललं नाही तर?

आकडेमोड
कार्ड चालणार नाही, हे धरूनच चला. काउंटरवर कव्हर बंद दिसेल. डॉक्टरांना सांगायचं की कोब्राची मुदत चालू आहे, बिल थांबवा किंवा स्वतः भरा, पावती आणि तपशीलवार बिल जपून ठेवा, कव्हर चालू झालं की क्लेम करा. रोजची महागडी औषधं असतील तर मात्र ही युक्ती करू नका. फार्मसीत दर महिन्याला पूर्ण किंमत मोजावी लागेल आणि परतावा मिळायला वेळ जाईल. अशा घरात पहिल्या दिवसापासून कोब्रा घ्यावा.
एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: कुटुंबातल्या प्रत्येकाला कोब्रा वेगळा घेता येतो. एकट्या मुलाला गरज पडली तर फक्त त्याचा घ्या. हप्ता २,४०० नाही, एकट्याचा लागेल.
चूक होते ती इथे: वर्षाच्या मधेच कोब्रा घेतला आणि दोन महिन्यांनी महाग वाटला म्हणून सोडला, तर मार्केटप्लेसची विशेष मुदत मिळत नाही. पुढच्या नोंदणीपर्यंत लटकता. तुमचा बदल नोंदणीच्या दिवसांतच होतोय म्हणून प्रश्न नाही. एप्रिल-मेमध्ये हा धागा वाचणाऱ्यांनी जपून.

केळफूल
तारा पुढे ढकलू नका, उलट ऑक्टोबरमध्येच लावा. हेल्थ एफएसएचा नियम असा आहे की वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. ऑक्टोबरअखेर पगारातून साधारण २,००० कापले गेले असतील, पण खर्च २,४०० पर्यंत करता येतो. वरचे ४०० कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. आणि नाही वापरले तर उरलेले १,९०० बुडाले.
अट एकच, खर्चाची तारीख नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आतली हवी. क्लेम नंतर पाठवला तरी चालतो, पण किती दिवसांत ते प्लॅनच्या कागदात बघा. बहुतेक उपचारांत पैसे कधी भरले ते नाही, उपचार कधी झाला ते धरतात. दातांच्या तारा हा अपवाद: सुरुवातीला भरलेली मोठी रक्कम बऱ्याच प्लॅनमध्ये भरल्या तारखेने मंजूर होते. ऑर्थोडॉन्टिस्टकडून करारपत्र आणि भरल्याची पावती दोन्ही घ्या, नुसत्या कार्डाच्या स्लिपवर क्लेम परत येतो. उरलेल्यात चष्मे, आणि ताप-सर्दीची विनाप्रिस्क्रिप्शन औषधंसुद्धा चालतात.
जुना एचएसए विम्याच्या हप्त्यांसाठी राखून ठेवा. एरवी त्यातून विम्याचा हप्ता भरता येत नाही, पण दोन सवलती नेमक्या तुमच्यासाठी आहेत: कोब्राचा हप्ता कधीही, आणि अनएम्प्लॉयमेंट भत्ता चालू असताना इतर आरोग्यविम्याचा हप्तासुद्धा, मार्केटप्लेसचा धरून. करमुक्त.

डॉलरभाऊ
४०१के शेवटच्या दिवशीच आयआरएत हलवा. जुन्या कंपनीत पैसे कशाला ठेवायचे, फीया खातात.

पंतोजी
डॉलरभाऊ, सरसकट असं सांगू नका. या सगळ्या यादीत घाई नसलेली गोष्ट कुठली असेल तर ती हीच. ७,००० च्या वर शिल्लक असेल तर कंपनी तुम्हाला प्लॅनमधून बाहेर काढू शकत नाही. आयआरएत नेल्यावर पुढे बॅकडोअर रॉथ (साध्या आयआरएतून रॉथ खात्यात पैसे वळवणं) करायचा असेल तर प्रमाणाच्या नियमामुळे (सगळ्या आयआरएंची बेरीज धरून) कर लागतो. आणि जो माणूस पंचावन्नाव्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडतो, त्याला त्याच कंपनीच्या ४०१केतून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात, आयआरएत नेले की ती सोय गेली. शेवंतीताईंच्या घरी तो प्रश्न नाही, पण धागा इतरही वाचतात.
हलवायचाच असेल तेव्हा थेट रोलओव्हर. चेक आला तरी तो नव्या संस्थेच्या नावे, "एफबीओ" (म्हणजे "यांच्यासाठी") आणि पुढे तुमचं नाव असा हवा. तुमच्या एकट्याच्या नावाने आला तर २० टक्के कर कापूनच येतो, आणि पूर्ण रक्कम ६० दिवसांत जमा करायची तर ते २० टक्के खिशातून घालावे लागतात.
आता दोन ठिकाणी तुमचे पैसे आहेत.
एक, मॅचमधले न मिळालेले २० टक्के. कंपनीने एका वर्षात प्लॅनमधल्या २० टक्के किंवा जास्त लोकांना काढलं, तर आयआरएस (केंद्राचं कर खातं) प्लॅन अंशतः बंद झाला (पार्शल टर्मिनेशन) असं सहसा धरते आणि काढलेल्यांना १०० टक्के हक्क मिळतो. ३१० पैकी ७० म्हणजे साडेबावीस टक्के, जर बहुतेक सगळे प्लॅनमध्ये असतील तर. प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरला लेखी विचारा: "ही पार्शल टर्मिनेशन धरली आहे का?" बऱ्याचदा कुणी विचारेपर्यंत कुणी बघितलेलंच नसतं.
दोन, कर्ज. आधी विचारा की नोकरी गेल्यावर बँक खात्यातून हप्ते चालू ठेवता येतात का. काही प्लॅन देतात. नसेल तर १४,००० ऑफसेट होतात, म्हणजे काढले असं धरून कर आणि १० टक्के दंड. पण नोकरी गेल्यामुळे झालेला ऑफसेट असेल तर ६० दिवसांची अट नाही. तेवढीच रक्कम स्वतःच्या पैशातून आयआरएत टाकायला त्या वर्षाच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत वेळ मिळतो, मुदतवाढ घेतली तर पुढच्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपर्यंत. १,४०० नुसता दंड वाचतो, कर वेगळाच. त्यासाठी १०९९-आर या कराच्या फॉर्मवर कोड एम हवा. कोड एल आला तर फोन करून दुरुस्त करून घ्या.

रारितनकाठ
अनएम्प्लॉयमेंट राहिलं. शेवटचा दिवस झाला की त्याच आठवड्यात अर्ज. क्लेम अर्जाच्या आठवड्यातल्या रविवारपासून धरतात, आळस केला तर मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत. जास्तीत जास्त २६ आठवडे. वर्षांच्या हिशोबाने दिलेला सेव्हरन्स न्यूजर्सीत भत्त्याच्या आड येत नाही, पण नोटीसऐवजीचा पगार किंवा "पगार चालू ठेवतो" अशी भाषा असेल तर तेवढे आठवडे थांबावं लागतं. म्हणून कागदावर कुठला शब्द आहे ते वकिलाला बघायला सांगा. भत्त्यावर राज्याचा कर नाही, केंद्राचा आहे. अर्जातच १० टक्के कापायला सांगा.

मंजुळा_प्लेन्सबरो
एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांसाठी एक ओळ: नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं, किंवा आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) संपेपर्यंत, जे आधी असेल ते. सेव्हरन्सचे आठवडे यात वाढवून मिळत नाहीत. तेवढ्यात नव्या कंपनीचा अर्ज किंवा स्टेटस बदलाचा अर्ज पोचलेला हवा. सही-विम्याच्या आधी इमिग्रेशन वकील.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. वकिलाची वेळ मंगळवारची घेतलीय, एचआरला ईमेल आजच. शेवटचं विचारते: सेव्हरन्स डिसेंबरऐवजी जानेवारीत मागितला तर कर कमी बसेल का?

आकडेमोड
बसू शकतो, यंदा दहा महिन्यांचा पूर्ण पगार आहे आणि पुढच्या वर्षीचं काही नक्की नाही. पण तीच रक्कम मग पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते, आणि मार्केटप्लेसची सवलत त्याच उत्पन्नावर ठरते. भत्ता आणि तुमचं फ्रीलान्सही त्यात मिळवा. दोन्ही बाजू कागदावर मांडून मगच तारीख मागा. कधीही आला तरी त्यावर फेडरल कर सहसा सरसकट २२ टक्के कापतात. तुमचा वरचा दर २४ असेल तर फरक बाजूला काढून ठेवा. आणि त्यातून ४०१केत सहसा भर घालता येत नाही, म्हणून यंदाची मर्यादा गाठायची असेल तर ऑक्टोबरच्या उरलेल्या पगारांतूनच टक्का वाढवा, पोर्टलवरचा बदल एक-दोन पगारांनंतर लागू होतो.