मदत हवी आहे: केल (Keil) सी५१ कंपायलरमध्ये एक एरर गेली, दुसरी आली

मंडळी, एटी८९एस५२ (८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर) वर काम चालू आहे. आधी 'सिंटॅक्स एरर नियर अनसाइन्ड' आणि त्याखाली 'अनडिफाइन्ड आयडेंटिफायर' येत होतं. 'पी१ = ०;' ही ओळ वर होती आणि 'अनसाइन्ड चार आय;' तिच्याखाली. कंपायलर सी८९ (सी भाषेचं जुनं मानक) वाला, त्याला डिक्लेरेशन ब्लॉकच्या सुरुवातीलाच लागतं. वर नेलं, मिटलं.

आता लिंकर (कंपाइल झालेले भाग जोडणारा प्रोग्राम) अडलाय: 'एल१०७ ॲड्रेस स्पेस ओव्हरफ्लो, स्पेस: डेटा'. स्मॉल मॉडेल (व्हेरिएबल्स आपोआप चिपमधल्या 'डेटा' रॅममध्ये जातात) असल्याने सगळं १२८ बाइटमध्येच कोंबलं जातंय. सेव्हन सेगमेंटचा तक्ता 'कोड' लावून फ्लॅशमध्ये हलवतो, त्याचं काही नाही. प्रश्न सिरियलच्या ८० बाइट बफरचा आहे. तो 'आयडेटा'त (चिपमधलीच, पण अप्रत्यक्ष पत्त्याने वापरायची रॅम) टाकला तर तिथेच असणाऱ्या स्टॅकला (फंक्शन कॉलचे परतीचे पत्ते ठेवायची जागा) पुरेशी जागा उरेल का? बाहेरची रॅम नाही, त्यामुळे 'एक्सडेटा' सुचवू नका.