पोरगं एका सीझनमध्ये मोडीत काढायचं का? तरुण क्यूबींबद्दल (क्वार्टरबॅक, पास टाकणारा मेन खेळाडू) जाणकारांनी बोला

मंगळवारपेठी_बेअर

मंडळी चिडून लिहितोय, भाषा सांभाळून घ्या. इथं अमेरिकन फुटबॉल बघणारे किती जण हायत मला माहीत न्हाई पण मी २०१८ पासून बघतोय. रविवारी रात्री साडेदहाला पहिल्या मॅच लागतात, नोव्हेंबरात तिकडं घड्याळं मागं घेतली की साडेअकरा, आणि सोमवारी लाल डोळे घेऊन कामावर. घरात रोजचं ऐकतोय की फुटबॉलच बघायचाय तर शाहू स्टेडियम चालत पाच मिनिटांवर हाय, बॉल हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल कोण म्हणतं. आता ह्यावर काय बोलणार.

तर विषय असा. आपली टीम शिकागो बेअर्स. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात त्यात, पहिल्या नंबरला क्यूबी कॅलेब विल्यम्स घेतला. त्या सीझनला त्या पोराला ६८ वेळा सॅक केला, म्हणजे पास टाकायच्या आधीच गाठून आडवा. सलग दहा मॅच हरलो. माझा मावसभाऊ त्याच डिसेंबरात मिसळीवर पैज लावून बसला की हे पोरगं फुकट गेलं, नुसती हवा होती. पुढच्या वर्षी बेन जॉन्सन कोच आला, क्यूबीला राखणाऱ्या पुढच्या लाईनीत नवीन दांडगी माणसं आणली, सॅक निम्म्याच्याही खाली आले आणि टीम ११-६ (अकरा जिंकल्या, सहा हरल्या) करून डिव्हिजन म्हणजे आपला गट जिंकली. तेच पोरगं, तोच हात. आता मावसभाऊ म्हणतोय मी कुठं टॅलेंट न्हाई म्हणलो होतो.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. क्यूबीत टॅलेंट हाय म्हणजे नक्की काय असतं? आणि नवीन पोरगं पहिल्या दिवसापासून उतरवायचं का वर्षभर बसवायचं?

---

पुण्यात_अडकलोय

बसवायचं. कॅन्सस सिटीनं महोम्स २०१७ ला दहाव्या नंबरला घेतला, वर्षभर अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागं बसला, शेवटची एक मॅच खेळला, आणि २०१८ ला ५० टचडाऊन (गोलच समजा) टाकून एमव्हीपी, सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू. ग्रीन बेला रॉजर्स तीन वर्षं फार्व्हच्या मागं, मग जॉर्डन लव्ह तीन वर्षं रॉजर्सच्या मागं. विषय संपला.

---

मंगळवारपेठी_बेअर

कसा काय संपला भावा. पेटन मॅनिंग १९९८ ला पहिल्या मॅचपासून खेळला, २८ इंटरसेप्शन टाकली (पास थेट समोरच्या टीमच्या हातात), टीम ३-१३. पुढच्याच वर्षी १३-३. त्याला बसवला असता तर ती २८ चुका कधी करणार होता तो? आणि २०२४ ला जेडन डॅनियल्स, पहिलंच वर्ष, वॉशिंग्टनला १२-५ करून कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे सेमीफायनललाच, घेऊन गेला.

उलट बसवलेला ट्रे लान्स बघ की. २०२१ ला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे तीन पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) मोजले, तिसऱ्या नंबरला घेतला, वर्षभर बसवला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच मॅचला घोटा मोडला. आणि त्याची जागा कुणी घेतली तर ब्रॉक पर्डीनं, २६२ वा पिक, अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा. बसवून काय हाताला लागलं सांग.

---

शिरोली_फाउंड्री

मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे त्यामुळं मला सगळं तसंच दिसतं, समजून घ्या. जॉब म्हणजे ओतलेला भाग साच्यातून निघतो, फेटलिंग होतं (कडा घासणं), शॉट ब्लास्ट मारला की असा चकाचक दिसतो की गिऱ्हाईक बघूनच खूश. पण ब्लो होल, हवेची पोकळी, आत असतं. वरून बघून, वजन करून, टिचकी मारून न्हाई कळत. मशीन शॉपला पहिला कट बसला की भोक उघडं पडतं आणि मग अख्खा लॉट परत, फोन मला.

तुमचा तो कंबाईन, ड्राफ्टच्या आधीची चाचणी, म्हणजे वरनं बघणं. चाळीस यार्ड किती सेकंदात पळला, उंची किती, पंजा केवढा. टॉम ब्रेडी ५.२८ सेकंदात पळालेला, आमच्याकडचा सुपरवायझर डबा विसरला की त्याच्यापेक्षा जोरात पळतो. १९९ व्या नंबरला गेला आणि सात सुपर बोल म्हणजे फायनल जिंकल्या. जामार्कस रसेल २००७ चा पहिला पिक, हात म्हणजे तोफ, तीन सीझनमध्ये घरी. कारण क्यूबीचं खरं काम अडीच तीन सेकंदाचं. बॉल हातात आला, समोर दीडशे किलोची माणसं अंगावर यायला लागलीत, तेवढ्यात कोण मोकळा हाय, कोण मोकळा होणार हाय, डिफेन्सनं आधी दाखवलं काय आणि आता करालेत काय हे बघून सोडायचा. हे रिकाम्या ग्राउंडवर चड्डी-बनियनवर पास टाकताना कुठनं दिसणार?

पण ह्याची उलटी बाजू पण हाय. डिस्पॅचची घाई म्हणून साचा गरम असतानाच नॉकआउट केला, म्हणजे फोडून जॉब काढला, की जॉब वाकडा येतो न्हाईतर तडकतो. मेटल बरोबर होतं, लॅबचा रिपोर्ट ओके, तरी रिजेक्शन. आणि मीटिंगमध्ये बोलणी कुणाला, तर मेटलला. अर्ध्या क्यूबींचं असंच झालंय माझ्या मते. जॉश अ‍ॅलन बघा, कॉलेजात ५६ टक्के पास पोचायचे, बफेलोत पहिल्या वर्षी ५२.८. सगळे म्हणाले ह्याला नेम न्हाई. तिसऱ्या सीझनला ६९.२ आणि २०२४ ला एमव्हीपी. बफेलोनं त्याला थंड होऊ दिला.

---

पुण्यात_अडकलोय

थंड कुठं होऊ दिला, पहिल्या वर्षी बारा मॅच खेळवला की. तुझंच उदाहरण तुझ्याविरुद्ध जातंय.

---

शिरोली_फाउंड्री

हां ते खरं. साच्यात गार व्हायलाच पाहिजे असं न्हाई मग. पण तिसऱ्या वर्षापर्यंत भंगारात टाकला न्हाई हे तरी मान.

---

तिसरा_गोली

क्यूबी मला फार कळत न्हाई पण बेंच कळतो. मी पेठेच्या एका टीमचा तिसरा गोली होतो, तीन सीझन. तिसरा गोली म्हणजे पाण्याच्या बाटल्या, बॉलची जाळी, आणि वॉर्मअपला शॉट खायला. तिसऱ्या सीझनला एक गोली परीक्षेला गेला, दुसऱ्याचं बोट मोडलं आणि सेकंड हाफला मला उतरवला. गॅलरी फुल्ल, हलगी चालू. पहिलाच बॅकपास आला, साधा, आज्जीनं पण मारला असता असा. आणि गॅलरीतनं एकजण खरंच ओरडला की ह्याच्या आज्जीला उतरवा रे. आवाज ओळखीचा होता हो, आमच्या गल्लीतलाच. तेवढ्या अर्ध्या सेकंदात मी बॉल सोडून गॅलरीकडं बघितलं. बॉल पायाखालनं. पोस्टला लागून बाहेर गेला म्हणून आज मी गल्लीत राहतोय.

म्हणून सांगतो, न्यूयॉर्कच्या पेपरवाल्यांचं प्रेशर म्हणत असतात तुम्ही लोक, ते पेपरवाले सकाळी दूध आणायला गेल्यावर भेटत न्हाईत.

आणि तीन वर्षं मी नुसता बसलो होतो, कुणी काय शिकवलं न्हाई. आपल्याकडं मोठ्या टीमा बाहेरून, परदेशातनं प्लेअर आणतात, पेठेतलं पोरगं जर्सी घालून बसून राहतं, आणि मग एक दिवस टाकतात पाण्यात. अनिकेत जाधव २०१७ ला अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कप खेळला, आपलं कोल्हापूरचं पोरगं. तो लहानपणीच बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनीत गेला, रोजचं ट्रेनिंग, खाणं, मॅचा. तसे पाय असलेली पोरं इथं गल्लीत अजून दिसतात मला संध्याकाळी. फरक पायात न्हाई.

---

लाल_माती_जुनी

नातवानं हे वाचायला दिलं म्हणून लिहितो. तुमचा खेळ मला निम्मा कळतो, नातू पहाटे लावतो तेव्हा चहा पीत बसतो शेजारी. पण तुम्ही पोरं बसवायचं का उतरवायचं ह्यावर भांडालाय ते आमच्या तालमीत कधी प्रश्नच नव्हता. प्रश्न असायचा जोड कुठली. वस्ताद पोराला वर्षाला चाळीस कुस्त्या पण करायला लावंल, पण जोड बघून. आधी गल्लीतल्या, मग बारक्या जत्रेतल्या, बत्ताश्याच्या, नारळाच्या. खासबागेत उतरायचं ते सगळ्यात शेवटी. आणि बसवायचं म्हणजे रिकामं न्हवं. मोठा पैलवान रोज पोराला खेळवायचा, मुद्दाम पट देऊन, मुद्दाम पाठीवर घेऊन. त्याला सांगायचा, आता माझा तोल कुठं गेला बघ. त्या गोलीला तीन वर्षं कुणी खेळवलं न्हाई, त्याचा काय दोष.

आमच्यात एक पोरगं होतं, सतरा वर्षांचं. कंबर अशी की धरली तर हात घसरावा. बापाला घाई. वस्तादांना न विचारता एका जत्रेत मोठी जोड लावून आला. समोर तीस वर्षांचा गडी, नव्वद किलोचा. अर्ध्या मिनिटात घिस्सा मारून पाडला, वर मानेवर बसला. पाठ लागल्याचं काय न्हाई, कुस्तीत पाठ लागतीच. पण त्यानंतर तालमीत सुद्धा हात मिळवताना त्याचा हात आधी थोडा मागं जायचा. एवढाच, दोन बोटं. वस्तादांनी चार महिने बघितलं आणि एक दिवस म्हणाले, ह्याला आता दुधात साखर घालून उपयोग न्हाई. आज त्याचा दुधाचाच टेम्पो हाय. भेटला की वाकून पाया पडतो, कान तेवढे मोडलेले.

तुमच्या त्या तीन पिकवाल्या पोरानं आधी कुस्त्या किती केल्या होत्या ते सांगा मला.

---

मंगळवारपेठी_बेअर

काका नमस्कार. अंगावर काटा आला. तुमचं पोरगं वाचलं आणि मला डेव्हिड कार आठवला. २००२ चा पहिला पिक, ह्यूस्टन तेव्हा नवीकोरी टीम, लाईन नावालाच. एका सीझनला ७६ सॅक, अजून तो रेकॉर्ड कुणी मोडला न्हाई. नंतरच्या वर्षांतल्या त्याच्या क्लिपा बघा, बॉल हातात आला की नजर आधी अंगावर येणाऱ्यांकडं. तुमची ती दोन बोटं.

आणि कुस्त्या मोजल्या मी आत्ता. लान्स कॉलेजात धड एकच सीझन खेळला होता, दुसरा कोविडमध्ये गेला, त्यात एकच मॅच. तेही छोट्या डिव्हिजनला. पर्डी? आयोवा स्टेटला चार वर्षं पहिल्या टीमचा क्यूबी. डॅनियल्स पाच वर्षं कॉलेजात. बो निक्स पण पाच वर्षं, तो पण पहिल्याच सीझनला डेन्व्हरला प्लेऑफला घेऊन गेला. च्यायला हे आधी कुणी सांगितलं न्हाई. आम्ही आपले पिकचा नंबर बघत बसलोय.

---

पुण्यात_अडकलोय

काकांचं पटलं, पण एक गोष्ट सुटतीय. टीमा घाई करतात ती अक्कल न्हाई म्हणून न्हाई, पैशासाठी. मालक आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारापासून ड्राफ्टमधल्या पोरांचा पगार ठरलेला असतो, चार वर्षं, पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष टीमच्या मर्जीवर. क्यूबी स्वस्तात मिळतोय तोवर उरलेल्या पैशात बाकी टीम भरायची. पर्डी सुपर बोल खेळला तेव्हा वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतच घेत होता, २०२५ ला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर झाले. आता एवढी स्वस्ताईची चार वर्षं असताना त्यातली दोन बसवून कोण घालवणार? तो काकांच्या गोष्टीतला बाप हाय ना, तोच टीमचा मालक.

---

तिसरा_गोली

एकदम बरोबर. आणि पोरगं फुटलं तर नवीन पोरगं दरवर्षी एप्रिलमध्ये मिळतंयच ड्राफ्टला.

---

शिरोली_फाउंड्री

आमच्यात रिजेक्शन परत भट्टीत जातं, पुन्हा वितळवून नवा जॉब. माणसाचं तसं होतंय का बघा, तर सॅम डार्नोल्ड. २०१८ चा तिसरा पिक, न्यूयॉर्क जेट्स. २०१९ ला पॅट्रियट्सनी ३३-० धुतला, बाकावर बसून म्हणाला मला भुतं दिसालीत, आणि अंगावर माईक होता, सगळ्या अमेरिकेनं ऐकलं. महिनाभर लोकांनी चेष्टा केली. जेट्सनं काढला, कॅरोलायनानं काढला, मग एक वर्ष फोर्टीनायनर्सकडं पर्डीच्या मागं बसला. शेवटच्या पिकच्या मागं तिसरा पिक! मग मिनेसोटाला १४-३, त्यांनी पण सोडला, सिएटलनं घेतला आणि फेब्रुवारी २०२६ ला सुपर बोल. समोर कोण, तर तेच पॅट्रियट्स. २९-१३.

---

लाल_माती_जुनी

ही मॅच बघितली मी. पहाटे पाचला. भुताचं नातवानं सांगितलं न्हाई. त्या पोराचा हात मागं जात नव्हता.

---

मंगळवारपेठी_बेअर

काका तुम्ही पुढच्या सीझनला आमच्याकडंच या बघायला, चहाची सोय हाय.

मावसभाऊ इथं सगळं वाचतोय, लॉगिन करायला लाजतोय. त्याचा मेसेज आलाय की पैज "फुकट गेला" अशी न्हवती, "फुकट घालवतील" अशी होती. खोटं हाय. मिसळ त्यानंच द्यायची, रविवारी सकाळी, आणि कट दुसऱ्यांदा मागितला तर त्याचे पण पैसे त्याचेच.