मदत हवी आहे : बोस्टन फर्नची टोकं जळतायत, पर्णिका झडतायत

गॅलरीतली_कुंडी :
ठिकाण पुणे, वाकड, चौथा मजला. पूर्वेची गॅलरी, सकाळी साडेआठपर्यंत कोवळं ऊन, नंतर नुसता उजेड. टांगती प्लास्टिकची कुंडी, ८ इंची. ऑक्टोबरमध्ये नर्सरीतून आणल्यापासून माती बदललेली नाही. रोज अर्धा लिटर पाणी, तेही आरओचं वाया जाणारं, बादलीत साठवून. महिन्याला मूठभर गांडूळखत.

फेब्रुवारीअखेरपासून पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत होतायत. हात लागला की पर्णिका (पानाच्या दांड्यावरची छोटी पातं) भुरभुर खाली पडतात. पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसले, म्हणून खवले कीड समजून कडुनिंबाचं तेल (लिटरला ५ मिली, सोबत भांड्यांचा साबण) मारलं, तर दोन दिवसांत कोवळे शेंडेच काळे पडले. कुंडीतून हिरव्या दोऱ्यांसारखं काहीतरी लोंबतंय, त्याला पानं नाहीत. ते कापू का? आणि कीड कशाने घालवू?

नेचाप्रेमी :
आधी औषध थांबवा. ते ठिपके एकसारख्या अंतरावर, पर्णिकेच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीत आहेत का? असतील तर ती कीड नाही, बीजाणूंचे पुंजके आहेत. भिंगातून पाहिलंत तर प्रत्येक पुंजक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं पातळ झाकण दिसेल; बोस्टन फर्नचं नेफ्रोलेपिस हे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडलंय. खवले कीड शिस्तीत बसत नाही. ती दांड्यावर, शिरेवर, कुठेही वेडीवाकडी असते, नखाने खरवडली की अख्खी सुटते आणि खालची पानं चिकट लागतात.

नेच्यांची, म्हणजे फर्नची, कोवळी पानं तेल-साबण सोसत नाहीत. त्यातून भांड्यांचा साबण म्हणजे कहरच. काळे शेंडे परत हिरवे होणार नाहीत, बुडापासून कापा.

माती_आणि_मूळ :
एक प्रश्न. पाणी घातल्या घातल्या खालून निथळतं का? आणि तासाभराने कुंडी उचलली तर हलकी लागते का?

गॅलरीतली_कुंडी :
हो, दोन्ही. ठिपके ओळीतच आहेत, चिकटपणा नाही.

हिरवा_कोपरा :
पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. दिवसातून तीनदा पानांवर फवारा मारा, टोकं सुधारतील.

माती_आणि_मूळ :
फवाऱ्याने सुधारणार नाहीत. ते पाणी दहा मिनिटांत उडून जातं, आणि हेच आरओचं पाणी फवारलं तर पानांवर पांढरे डाग राहतील ते वेगळंच. हवा कोरडी आहे हे खरं, पण इथे रोग मुळाशी आहे.

नर्सरीची कुंडी बहुधा निव्वळ कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) असते. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी चटकन घेत नाही. मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो आणि पाणी कडेच्या फटीतून पळतं. पर्णिका झडतायत त्या यामुळे. टोकं जळतायत ती क्षारांमुळे. आरओ यंत्र शुद्ध पाणी तुम्हाला देतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. एका लिटरमागे दोन लिटर वाया जात असतील तर त्या पाण्यात मूळच्या साधारण दीडपट क्षार असतात. जास्वंदीला ते काही दिवस चालून जाईल, फर्नला नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर नळाचं आणि वाया जाणारं, दोन्ही पाणी मोजून सांगा.

गॅलरीतली_कुंडी :
शेजाऱ्यांचा मीटर आणला. नळाचं (बोअर आणि टँकर मिसळून) ६२०, आरओचं वाया जाणारं ९००, पिण्याचं ६० (लिटरला मिलिग्रॅम).

माती_आणि_मूळ :
म्हणजे रोज जवळपास अर्धा ग्रॅम क्षार कुंडीत. आता असं करा :

१. एसीचं निथळलेलं पाणी बादलीत जमवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात. (एसी नुकताच रसायनाने धुतला असेल तर पहिले काही दिवस नको.) नाहीतर पिण्याचं वापरा.

२. कुंडी त्यात काठापर्यंत बुडवा. सुरुवातीला तरंगेल, वर वीट ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास. ते पाणी फेकून द्या.

३. मग वरून १२ लिटर, तीन हप्त्यांत, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून. आठ इंची कुंडीत चार-पाच लिटर माती मावते, तिच्या तिप्पट पाणी गेल्याशिवाय क्षार नीट धुऊन निघत नाहीत. शेवटचं निथळलेलं पाणी मोजा, आकडा खाली आलेला दिसला पाहिजे.

यापुढे 'रोज अर्धा लिटर' हा हिशेब सोडा. बोट पेरभर खुपसा. वरचा थर सुकत आला की भरपूर घाला, खालून निथळेपर्यंत. नवीन पानं येईस्तोवर खत बंद.

नेचाप्रेमी :
सहमत. माती मात्र आत्ता बदलू नका, उन्हाळ्यात मुळं दुखावली तर रोप खचतं. जूनच्या मध्यावर, हवा दमट झाली की बदला. दोन भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, अर्धा भाग गांडूळखत. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते. ती तीनदा भिजवून पिळा, त्यातही मीठ असतं. गड्डा (पानं जिथून फुटतात तो भाग) आधी होता त्याच पातळीवर ठेवा. खोल गाडला तर मधूनच कुजतो. पावसाळ्यात खत द्यायचं तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मातीतच.

हिरवा_कोपरा :
फवाऱ्याचं मागे घेतो. पण कुंडी आणखी दोन-तीन कुंड्यांच्या गराड्यात, जमिनीलगत ठेवली तर? टांगलेली कुंडी गरम वाऱ्यात लवकर सुकते.

नेचाप्रेमी :
हो, मेअखेरपर्यंत खालीच ठेवा, ऊन मात्र येऊ देऊ नका. आणि ते दोरे कापू नका, ते धावते कोंब आहेत. शेजारी ओल्या कोकोपीटची ४ इंची कुंडी ठेवून त्यातला एक दोरा केसांच्या पिनेने मातीला टेकवा. टेकलेल्या जागी मुळं सुटून तीन-चार पानं उभी राहिली की मगच आईपासून तोडा. बीजाणू पेरत बसू नका, बोस्टनचे सहसा रुजत नाहीत.

गॅलरीतली_कुंडी :
कुंडी आत्ता बादलीत आहे, वर वीट ठेवलीय. बुडबुडे अजून येतायत.